खालच्या सहा पिढ्या रोख, वरच्या नव्वद उधार

ज्या गोष्टीची जाहिरात करतात तेवढी सोडली, तर वंशावळ शोधून देण्याच्या या पॅकेजमध्ये बाकी सगळं चांगलं आहे. जाहिरात आहे दावीदची, म्हणजे बायबलमधल्या ज्यूंच्या राजाची. मागे सोनेरी मुकुट, पुढे दाढीवाले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आणि मधे ‘तुमच्या घराण्यात कोण कोण होऊन गेलं ते शोधा’ अशा अर्थाची ओळ.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. ज्यू घराण्यांची वंशावळ शोधून देणारे बरेच आहेत, आणि एकीचं नाव घेऊन बाकीच्यांना सोडणं बरोबर नाही. माझ्या लिहिण्याचा उपयोग कोणाकडूनही घेताना होईल.

पार्श्वभूमी थोडक्यात. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझं माहेर अलिबागकडचं. नवरा रेल्वेत होता म्हणून अजनीच्या क्वार्टरमध्ये संसार झाला आणि नागपूरकर झाले. लेक इस्रायलमध्ये आहे, जावई तिथलेच, त्यांचे आजोबा पोलंडच्या गॅलिशिया भागातून आलेले. नातू आता बार मिट्झवाच्या, म्हणजे ज्यूंच्या मुंजीसारख्या विधीच्या वयाचा. तिकडच्या शाळांत या वयाच्या मुलांना घराण्याच्या मुळांचा प्रकल्प असतो. व्याह्यांनी ठरवलं की पोरासाठी दोन्ही बाजूंचं नीट संशोधन करून घेऊ. खर्च सव्वा लाखाच्या घरात, अर्धा मी उचलला. म्हणून या मालाबद्दल बोलायचा मला हक्क आहे.

आणखी एक हक्क आहे. मी नोकरीभर महसूल खात्याच्या अभिलेख कक्षात काम केलं. जात पडताळणीसाठी लोक यायचे, १९५०च्या आधीचा कागद हवा म्हणून कोतवाल बुकाच्या नकला मागायचे, बंदोबस्ताच्या मिसली काढायला लावायचे. सोबत हाताने काढलेली वंशावळ असायची. तिच्यात वरती ‘गणू वल्द तुका’, खाली ‘गणपत तुकाराम’, आणि मधे एक सरळ रेघ. त्या रेघेला पुरावा काय, एवढंच विचारणं माझं काम. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधामुळे वंशावळ म्हणजे काय भानगड असते ते घरोघरी कळलंय, त्यामुळे जास्त समजावत बसत नाही. ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. कंपनीने पाठवलेला तक्ता मी त्याच डोळ्यांनी वाचला.

पॅकेजमध्ये मिळतं ते असं: एक मोठा तक्ता, एक अहवाल, आणि मिळालेल्या कागदांच्या प्रती. तक्त्यात जावयांच्या बाजूने वर चढत गेलं की शंभराच्या आसपास पिढ्या होतात आणि टोकाला दावीद. आमच्या बाजूने चढलं की सहाव्या पिढीला रायगडातल्या एका गावाशी रेघ थांबते. शेजारच्या वहिनींनी तक्ता बघितला आणि म्हणाल्या, “बाप्पा! म्हणजे तुमचा नातू राजघराण्यातला की काय? आणि तुम्ही इथे भाजीवाल्याशी कोथिंबिरीसाठी भांडून राहिल्या!”

आधी जे आवडलं ते. गॅलिशियातलं काम पहिल्या दर्जाचं आहे. जावयांच्या पणजोबांचा जन्म, त्यांच्या वडिलांचं लग्न, आजीचा मृत्यू, प्रत्येकाला नोंदवहीच्या पानाचा फोटो आणि खाली त्याचं वाचन. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात जोसेफ दुसऱ्याने १७८७मध्ये ज्यूंना कायमचं आडनाव घ्यायला लावलं. गॅलिशिया तेव्हा ऑस्ट्रियाकडे होता. त्याच्या आधी बहुतेक लोकांना आडनावच नव्हतं, अमुक बेन तमुक, आपलं ‘वल्द’. त्यामुळे १७८७च्या मागे साध्या माणसाचा माग काढणं फार अवघड. संशोधक बाईंनी हे अहवालात स्पष्ट लिहिलंय, आणि जिथे दोन सारख्या नावांची माणसं एका गावात होती तिथे ‘दोघांपैकी हा का’ याची कारणं दिली आहेत. मी नोकरीत असते तर त्यांना माझ्या टेबलावर बसवलं असतं.

मग साध्या माणसाचा तक्ता दावीदपर्यंत जातो कसा? तर रब्बींच्या दारातून. ज्यू समाजात ‘यिखुस’ला, म्हणजे कुळाच्या मानाला, मोठी किंमत होती. रब्बीची मुलगी रब्बीच्या मुलाला द्यायची, ग्रंथाच्या प्रस्तावनेत आपले पूर्वज मोजून सांगायचे, थडग्याच्या दगडावर बाप-आजाची नावं कोरायची. सर्वसामान्य शिंपी-मोचीची नोंद जिथे संपते तिथून रब्बी घराण्यांचे कागद मात्र दोन-अडीचशे वर्षं आणखी मागे जातात. म्हणून कंपनीची सगळी धडपड असते ती तुमच्या एखाद्या खापर पणजीला अशा घराण्यात नेऊन सोडायची. एकदा ती आत शिरली की पुढचा जिना तयार असतो. तो त्यांना बांधावा लागत नाही.

आमच्या जावयांचा जिना कात्झेनएल्नबोगेन घराण्याचा निघाला. मूळ पुरुष रब्बी मेइर, इटलीत पादुआला गाजले, १५६५मध्ये वारले. घराण्याचं नाव जर्मनीतल्या त्यांच्या गावावरून पडलेलं. हे वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे तेही ‘-कर’च निघाले, फक्त गाव लांबचं. पादुआच्या दफनभूमीत त्यांच्या थडग्यावर मांजर कोरलेलं आहे, कारण गावाच्या नावात जर्मन मांजर लपलंय. अहवालात त्या दगडाचा फोटो आहे. नातवाला सगळ्या तक्त्यात तेवढंच आवडलं.

त्यांचा नातू शाऊल वाल. याची गोष्ट तिकडे घरोघरी सांगतात: स्टेफान बाथोरी १५८६मध्ये वारला, पोलंडच्या सरदारांचं नव्या राजावर एकमत होईना, तेव्हा १५८७मध्ये त्यांनी एका रात्रीपुरतं या ज्यू सावकाराला गादीवर बसवलं. शाऊल वाल खरा होता. मिठाच्या खाणींचा मक्ता, करवसुली, दरबारात वजन, याचे कागद आहेत. पण त्या एका रात्रीचा समकालीन कागद नाही. गोष्ट लेखी सापडते ती अठराव्या शतकात, आणि लिहिणारा घराण्यातलाच. कंपनीच्या तक्त्यात मात्र शाऊलच्या चौकोनावर छोटा मुकुट छापलाय. अहवालात ‘आख्यायिका’ म्हटलंय, तक्त्यावर मुकुट. माझं पहिलं भांडण इथून सुरू झालं.

खरी अडचण त्याच्या वर आहे. रब्बी मेइर यांना आईच्या बाजूने लुरिया घराण्याशी जोडतात, लुरियांना शपिरांशी, शपिरांना त्रेव्हांशी, आणि तिथून उडी थेट रशींवर. रशी म्हणजे रब्बी श्लोमो यित्झाकी, फ्रान्समधल्या त्र्वा गावचे, जन्म १०४०, मृत्यू ११०५. तालमूदचं, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या मोठ्या ग्रंथाचं छापील पान उघडलं की शेजारच्या पट्टीत त्यांचं भाष्य असतं, त्याशिवाय मुलांना तालमूद शिकवतच नाहीत. तारीख घालून छापलेलं ज्ञात असलेलं पहिलं हिब्रू पुस्तक त्यांचंच, तोराह या मूळ धर्मग्रंथावरचं भाष्य, इटलीतल्या रेज्जिओमध्ये १४७५ साली. एवढा मोठा माणूस, आणि त्यांना मुलगा नव्हता. तीन मुली: योखेवेद, मिरियम, राखेल. नातू रशबाम आणि रब्बेनू ताम हे पुन्हा दिग्गज, ताम ११७१मध्ये वारले. इथपर्यंत सगळं भक्कम.

आता दुसरं टोक धरा. मात्तित्याहू त्रेव्ह, चौदाव्या शतकातले पॅरिसचे मुख्य रब्बी. हेही भक्कम. रशींच्या नातवंडांपासून या त्रेव्हांपर्यंत जवळजवळ दोनशे वर्षं आहेत, आणि मधल्या पिढ्यांना समकालीन कागदाचा आधार नाही. नसण्याला कारणंही आहेत. १२४२मध्ये पॅरिसला तालमूदच्या हस्तलिखितांच्या चोवीस गाड्या भरून जाळल्या. १३०६मध्ये फ्रान्सच्या राजाने ज्यूंना देशाबाहेर काढलं, मालमत्ता जप्त केली. पुढे परत येऊ दिलं आणि १३९४मध्ये पुन्हा काढलं. दप्तरं उरणार कुठून? लुरिया घराण्यात परंपरा होती की आपण रशींचे वंशज, ती त्यांनी नंतर लिहून ठेवली. लिहिणाऱ्यांना मी खोटारडे म्हणत नाही. पण आजोबा सांगायचे ते नातवाने लिहिलं, म्हणजे ती आजोबांच्या काळची नोंद होत नाही. असली प्रतिज्ञापत्रं मी ढिगाने परत केली आहेत.

तक्त्यात मात्र पादुआच्या दगडाला असलेली रेघ आणि या दोनशे वर्षांवरून टाकलेली रेघ एकाच जाडीची, एकाच निळ्या रंगाची. दुसरं भांडण हे.

रशींच्या वर काय? परंपरा म्हणते की रशी हे योहानान हासँडलर यांच्यापासून तेहतिसावे. योहानान दुसऱ्या शतकातले, रब्बी अकिवांचे शिष्य, धंद्याने चपला करणारे. त्यांना गमलिएल आणि हिल्लेल या आणखी जुन्या धर्मपंडितांशी जोडतात, आणि हिल्लेलना दावीदशी. मी कागदावर हिशोब केला: साधारण नऊशे वर्षं, तेहतीस पिढ्या, पिढीला सत्तावीस वर्षं. बसतो हिशोब. पण फेरफार नोंदवहीत हिशोब बसला म्हणून कोणी जमीन नावावर करत नाही. तेहतिसांपैकी मधल्या माणसांची नावं सांगा म्हटलं की अडतं, आणि खुद्द रशींनी एवढं लिहिलं त्यात आपण दावीदचे वंशज असा दावा कुठे केलेला नाही. हिल्लेलबद्दल जेरुसलेमच्या तालमूदमध्ये म्हटलंय की जेरुसलेमात एक वंशावळीची गुंडाळी सापडली, तिच्यात हिल्लेल दावीदचे असं लिहिलं होतं. त्याच परंपरेत असंही येतं की बाबिलोनचे ज्यू प्रमुख पुरुषाच्या बाजूने दावीदचे वंशज आणि हिल्लेलचं घराणं बाईच्या बाजूने. म्हणजे दीड हजारांहून जास्त वर्षांपूर्वीही हाच वाद चालू होता, कोणाची रेघ जास्त सरळ.

बाबिलोनच्या त्या प्रमुखांना ‘रेश गालुता’ म्हणत, हद्दपारीतल्या लोकांचा म्होरक्या. त्यांचा दावा यहोयाखीन राजापासून. हा यहुदाचा राजा, दावीदच्या गादीवरचा, इसवी सनापूर्वी ५९७मध्ये बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने त्याला जेरुसलेमहून पकडून बाबिलोनला नेलं. बाराव्या शतकात तुदेलाचा बेन्यामिन नावाचा प्रवासी बगदादला गेला होता. तेव्हाच्या म्होरक्याकडे दावीदपर्यंतची लेखी वंशावळ आहे, असं त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे शतकानुशतकं ही गादी आपलं कूळ मिरवत होती. त्यातलं किती खरं, हा वेगळा प्रश्न.

इथे अहवालातला सगळ्यात सुंदर तुकडा येतो, आणि त्यासाठी त्या संशोधक बाईंना माझा नमस्कार. बाबिलोनच्या उत्खननात इश्तार दरवाजाजवळच्या एका इमारतीत मातीच्या पाट्या मिळाल्या. आज त्या बर्लिनला आहेत, १९३९मध्ये त्यांचं वाचन प्रसिद्ध झालं. राजवाड्याच्या कोठीतून कोणाला किती तेल दिलं त्याचा हिशोब आहे तो. त्यात यहुदाचा राजा म्हणून यहोयाखीनचं नाव आहे आणि त्याच्या पाच मुलांचंही माप आहे. संपूर्ण शंभर पिढ्यांत, राजा जिवंत असताना कोणा तिऱ्हाइताने, कसलीही बढाई न मारता केलेली नोंद ती ही. कोठावळ्याला कोणाचं कूळ सिद्ध करायचं नव्हतं, त्याला तेलाचा मेळ घालायचा होता. असाच कागद मला नोकरीत सगळ्यात विश्वासाचा वाटायचा. आणि आमच्या बाजूचे लोक कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जायचे, घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे. राजाच्या तेलाची पावती वाचून मी एकटीच हसत बसले.

दावीदबद्दलही एक दगड आहे. १९९३मध्ये इस्रायलच्या उत्तरेला तेल दान नावाच्या ठिकाणी सापडलेल्या, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या शिलालेखात ‘दावीदचं घराणं’ असा उल्लेख आहे, आणि तो शत्रूने कोरलेला. घराणं होतं, राजा होता. आमचा नातू त्यातला, हे मात्र त्या दगडावर नाही.

आता व्याह्यांना मी फोनवर जे सांगितलं आणि जे त्यांना फारसं आवडलं नाही, ते. समजा सगळ्या रेघा खऱ्या आहेत. तरी काय झालं? आईबाप दोन, आजे-आज्या चार, असं दुप्पट करत तीस पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या जागा होतात १०७ कोटी. तेव्हा जगातच तेवढी माणसं नव्हती, म्हणजे तेच ते पूर्वज पुन्हा पुन्हा येतात. त्यात पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंचं आणखी निराळं. २०१४च्या एका जनुकीय अभ्यासानुसार सहाशे ते आठशे वर्षांपूर्वी त्यांची सगळी प्रजा साधारण साडेतीनशे माणसांइतक्या छोट्या गटातून गेली. म्हणजे रशींचा वंश आज शिल्लक असेल तर जवळजवळ प्रत्येक अश्केनाझी त्यांचा वंशज असणार. कागद असो की नसो. कंपनी ज्याला खास शोध म्हणून विकते ते त्या आळीत प्रत्येकाकडे आहे. व्याही म्हणाले, “पण आमच्याकडे नावं आहेत.” हो, नावं आहेत. मधली दोनशे वर्षं सोडून.

आमची बाजू. पहिल्या मसुद्यात तिला चार पानं दिली होती आणि त्यातली निम्मी कोणत्याही बेने इस्रायल घराला लावता येतील अशी: नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांच्यापासून आम्ही. मग दावीद राहाबी नावाचे गृहस्थ आले, त्यांनी बायकांपुढे मासे ठेवले, बायकांनी खवले आणि पर नसलेले, म्हणजे ज्यूंना वर्ज्य असलेले मासे बाजूला काढले आणि राहाबींची खात्री पटली की हे ज्यूच. परंपरा या राहाबींना हजारेक वर्षं मागे नेते, तर इतिहासकार अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्याकडे बोट दाखवतात. ही माहिती द्यायला सव्वा लाख कशाला? अलिबागच्या इस्रायल आळीत कोणीही चहाबरोबर सांगेल.

मी कळवलं की हे चालणार नाही, आणि माझ्याकडचे कागद पाठवले. आजीच्या मराठी बायबलच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहिलेले जन्म, एक केतुबा म्हणजे लग्नाचा करारनामा, दफनभूमीतल्या दगडांचे फोटो. आमच्या दगडांवर हिब्रू असतं आणि मराठीही, त्यामुळे वाचायला मला कोणी लागत नाही. सगळं स्कॅन करून पाठवताना बर्डीतल्या झेरॉक्सवाल्याने विचारलं, “काकू, प्लॉटची केस हाय का?”

इथे कंपनीचा सॉफ्टवेअर गडबडला. आमच्या जुन्या लोकांची नावं दोन रूपांत असतात. गावच्या कागदात सामाजी हसाजी, देवळाच्या कागदात सॅम्युअल इझिकेल. याचं प्रसिद्ध उदाहरणच आहे: सॅम्युअल इझिकेल दिवेकर, म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, कंपनी सरकारच्या फौजेतले. ते टिपूच्या कैदेत होते आणि सुटून आल्यावर १७९६मध्ये मुंबईत शार हारहमीम हे पहिलं सिनेगॉग त्यांनी बांधलं. आमच्या तक्त्यात माझ्या खापर पणजोबांचे दोन चौकोन झाले. एकाला बायको होती पण आईबाप नव्हते, दुसऱ्याला आईबाप होते पण बायको नव्हती. आणि जन्मसाल दोघांचंही एक! गॅलिशियात ‘दोघांपैकी हा का’ असं पानभर लिहिणाऱ्यांना हे दिसू नये? दुरुस्ती केली त्यांनी, पण बऱ्याच मेलनंतर.

मात्र एक गोष्ट त्यांनी अशी काढून दिली की बाकी राग गेला. मुंबई लष्कराच्या जुन्या यादीत माझ्या पणजोबांच्या वडिलांचं नाव सुभेदार म्हणून मिळालं, पलटणीसकट. घरात ‘ते फौजेत होते’ एवढंच बोललं जायचं. कोणत्या पलटणीत, कोणत्या हुद्द्यावर, माझ्या वडिलांनाही ठाऊक नव्हतं. दावीदच्या शंभर पिढ्यांच्या बदल्यात मी ही एक ओळ घेईन.

आमच्याकडे वंशावळ या विषयाला एक कडवट चवही आहे, ती या पॅकेजमुळे पुन्हा आली म्हणून सांगते. १९६२मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बी कार्यालयाने फर्मान काढलं की बेने इस्रायलपैकी कोणाला इतर ज्यूंशी लग्न करायचं असेल तर आईची आई, तिची आई, असं जमेल तितकं मागे जाऊन कूळ तपासा. कोकणातून गेलेल्या बाईने पणजीचा कागद कुठून आणायचा? लोकांनी आंदोलनं केली, प्रश्न तिथल्या संसदेत गेला आणि १९६४मध्ये बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत हे मान्य झालं. आज त्याच देशात माझी लेक एका अश्केनाझी घरात आहे आणि तिच्या सासरची दोनशे वर्षांची फट कोणालाच खुपत नाही. तक्त्यावर ती निळीच रेघ आहे.

डीएनए चाचणी जादा पैसे भरून मिळते. घेऊ नका, निदान राजांसाठी तरी नाही. दहा-पंधरा पिढ्यांच्या मागे बहुतेक पूर्वजांचा तुमच्या अंगात एक तुकडाही उरत नाही, आणि दावीदचा नमुना कोणाकडे आहे की जुळवून बघणार? विक्रेते कोहेन, म्हणजे ज्यू पुरोहित घराण्यांच्या १९९७च्या वाय गुणसूत्राच्या अभ्यासाचा दाखला देतात. तो बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या एका धाग्याचा अभ्यास होता, त्यातून ठरावीक पूर्वजाचं नाव निघत नाही. आमच्या समाजासाठी उपयोगाचं झालंय ते २०१६चं संशोधन. बेने इस्रायलांमध्ये मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, दोन्ही वारसा भरपूर आहे असं त्यात दिसलं. ते समाजाबद्दल आहे आणि फुकट वाचता येतं.

मेलवर उत्तरं वेळेत येतात, भाषा गोड. ‘ही रेघ कशावरून’ या प्रश्नाला पहिलं उत्तर आलं ‘ही वंशावळ परंपरेने सर्वमान्य आहे’. मी परत लिहिलं की सर्वमान्य हा पुरावा नाही, समकालीन कागद असलेली रेघ सलग छापा, नंतर लिहिलेल्या परंपरेची तुटक, आणि काहीच नसेल तिथे रेघ नको. वाद घातल्यावर तसा दुसरा तक्ता आला. तो फार सुंदर आहे. खाली निळं दाट जाळं, पादुआपर्यंत आणि थोडं वर सलग, मग तुटक, मग मोकळी जागा, त्यात रशी आणि त्यांच्या तीन मुली, पुन्हा मोकळी जागा, आणि फार वर यहोयाखीन आणि पाच मुलगे. शेजारी आमची छोटी, पण सबंध सलग फांदी. नातवाने शाळेत हाच लावला. व्याह्यांच्या दिवाणखान्यात पहिला आहे, मुकुटवाला.

माझे गुण: गॅलिशिया पाचपैकी साडेचार. कोकण तीन, आणि त्यातले दोन त्या सुभेदारांमुळे. राजे आणि रब्बी दीड, त्यातला एक तेलाच्या पाटीचा.

घ्यायचंच असेल तर ‘राजे’वालं वरचं पॅकेज न घेता फक्त नोंदींच्या शोधाचं घ्या, ते जवळपास निम्म्यात येतं आणि कागद तेच मिळतात. पैसे भरायच्या आधी लेखी विचारा की प्रत्येक रेघेखाली पुरावा देणार का आणि तुटक रेघांचा तक्ता मिळणार का. बेने इस्रायल असाल तर दोन्ही नावांची यादी आधीच करून द्या, मराठी दगडांचे फोटो उन्हं कलती असताना काढा, अक्षरं उठून दिसतात, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना फोन लावा. छापील प्रत त्यांच्याकडून मागवू नका. कुरियर आणि ड्युटी धरून किंमत डोळे पांढरे करणारी होते. पीडीएफ घ्या. मी बर्डीतच फ्लेक्सवर छापून घेतला. मुलाने तक्ता स्क्रीनवर मोठा करत विचारलं, “इतकी नावं? वॉर्डाची मतदार यादी हाय का काकू?” छपाई मात्र स्वच्छ झाली आहे, दोन वेळा पुसूनही शाई गेली नाही.